बॅटल कॅट्स: जिंकत आलेली लढत बॉस आल्यावर का हातची जाते?

दोन मिनिटं सगळं मनासारखं चाललेलं असतं. समोरून कुत्रे येतात, साप येतात, एखादा पाणघोडा येतो आणि मरतो. आपली मांजरं पुढे पुढे सरकत जातात. अखेर पहिलं मांजर समोरच्या बेसला भिडतं, एक फटका मारतं आणि त्याच क्षणी आपली झाडून सगळी मांजरं मागे फेकली जातात. बेसमधून एक धिप्पाड जनावर बाहेर पडतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात आपलाच बेस फुटलेला असतो. परत खेळलं तरी तेच. मांजरांची लेव्हल दोन-तीनने वाढवून पाहिली तरी तेच.

‘बॅटल कॅट्स’ या मोबाइल गेममधल्या ‘एम्पायर ऑफ कॅट्स’ या मुख्य कथेचे तीन भाग खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही अडचण येते, आणि एकदा सुटली असं वाटेपर्यंत पुढच्या पाच-सहा स्टेजनंतर नव्या जनावरासोबत ती परत येते. मी बदलापूर-दादर लोकलमध्ये हा गेम बरीच वर्षं खेळतोय. माझी भाची रत्नागिरीत खेळते आणि अडली की मला फोन करते. तिच्यासोबत हीच गाठ इतक्या वेळा सोडवली आहे, की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी थोडं गेमबद्दल, कारण अडचणीचं मूळ गेमच्या रचनेतच आहे. क्योतोच्या पोनोस या कंपनीने २०१२ मध्ये हा गेम जपानमध्ये आणला. तिथल्या आवृत्तीत पहिल्या भागाच्या स्टेजना जपानच्या प्रांतांची नावं आहेत, आपण खेळतो त्या इंग्रजी आवृत्तीत देशांची. प्रत्येक भागात ४८ स्टेज, आपल्या आवृत्तीत शेवटची चंद्रावर. एका टोकाला आपला बेस, दुसऱ्या टोकाला शत्रूचा, आणि मध्ये एकच सरळ रस्ता. इतर टॉवर डिफेन्समध्ये, म्हणजे चालून येणाऱ्या शत्रूला अडवायच्या गेममध्ये, आपण तोफा एका जागी रोवतो. इथे आपली संरक्षणाची भिंत चालत असते. एकदा मांजर सोडलं की ते स्वतःच्या पायांनी पुढे जाणार. त्याला थांबवता येत नाही, मागे बोलावता येत नाही. आपल्या हातात तीनच गोष्टी: कोणाला सोडायचं, केव्हा सोडायचं आणि कॅट कॅनन, म्हणजे आपल्या बेसची तोफ, कधी डागायची.

यातली ‘केव्हा’ ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. पैसे जमले की मांजर सोडायचं, पुन्हा जमले की पुन्हा सोडायचं. पहिल्या वीसेक स्टेज यावर निघून जातात, त्यामुळे सवय पक्की होते.

बॉसला कोण बोलावतं?

बऱ्याच स्टेजमध्ये बॉस, म्हणजे ते धिप्पाड जनावर, घड्याळावर येत नाही. समोरच्या बेसला पहिला फटका बसला की येतो. म्हणजे त्याला आपणच बोलावतो, आणि बहुतेक वेळा खिशात दमडी नसताना बोलावतो. पूर्ण लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

बॉस येताना जो धक्का बसतो त्याने मांजरं मरत नाहीत, फक्त मागे फेकली जातात. खरा घात त्यानंतर होतो. त्या वेळी आपली फळी शत्रूच्या दारात असते आणि आपल्या बेसपासून सगळ्यात लांब. नवीन मांजर सोडलं तर त्याला अख्खा रस्ता तुडवत यायचंय. तोवर पुढची फळी संपते, बॉस चालू लागतो आणि वाटेत आपली मांजरं त्याला एकेकटी भेटतात. एकेकटं मांजर कितीही तगडं असो, बॉसपुढे टिकत नाही. मग आपण घाबरून मिळेल ते सोडत राहतो आणि पैसे शून्यावर येतात.

आधी खात्री करून घ्या की तुमच्या स्टेजवर बॉस फटक्यावरच येतो. काही ठिकाणी तो ठराविक वेळेनंतर येतोच. त्यासाठी एक लढत हरायची तयारी ठेवून खेळा: फक्त स्वस्त मांजरं सोडत फळी मधोमध किंवा आपल्या बाजूला धरून ठेवा, समोरच्या बेसला हात लावू नका आणि तीन-चार मिनिटं बघत बसा. बॉस आला नाही, तर वेळ तुमच्या मुठीत आहे. आला, तर तो साधारण किती वेळाने आला हे लक्षात ठेवा, तेवढ्यात तयारी उरकायची. लढत खेळायला लागणारी एनर्जी मिनिटाला एक या वेगाने भरते, तेव्हा या एका लढतीची किंमत फार नाही. पुढच्या दहा लढती वाचतात.

भाचीच्या लढतीत नेमकं काय बिघडलं

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ‘मामा, परत बेस फुटला. सहाव्यांदा. अस्वल येतंय आणि एका फटक्यात सगळी साफ.’ मी म्हटलं, ‘बाळा, स्क्रीन रेकॉर्ड करून पाठव. हरलीस तरी चालेल, पण नेहमी खेळतेस तशीच खेळ.’

रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिलं. अस्वलाच्या आधीचाच भाग. तिची फळी उत्तम होती: कॅट, टँक कॅट, अ‍ॅक्स कॅट, काउ कॅट, लिझर्ड कॅट, टायटन कॅट. सगळ्यांची लेव्हल दहाच्या वर, म्हणजे दुसरं रूप आलेलं. एवढ्यावर ती स्टेज निघायला काहीच हरकत नव्हती.

सुरुवातीला दोन कुत्रे आले. तिने अ‍ॅक्स कॅट सोडलं, मग काउ कॅट, पुन्हा काउ कॅट. डाव्या कोपऱ्यातली वर्कर कॅट, म्हणजे लढतीत पैसे कमावून देणारी मांजर, तिने एकदाच वाढवली होती. कुत्रे मेले, रस्ता मोकळा झाला. काउ कॅट हे गेमच्या सुरुवातीच्या नऊ मांजरांत सगळ्यात वेगवान. बाकीची मांजरं अर्ध्या वाटेवरही नव्हती, तोवर दोन्ही काउ कॅट धावत जाऊन समोरच्या बेसला भिडल्या. मी तिथे रेकॉर्डिंग थांबवलं. लिझर्ड कॅटचं चित्र अजून काळपट होतं, म्हणजे तेवढे पैसेच नव्हते. मागे एक टँक कॅट संथपणे चाललेली. आणि अस्वल बाहेर पडलं.

अस्वलाला बोलावलं होतं ते त्या दोन काउ कॅटनी.

मी तिला फोन करून विचारलं, ‘समोरच्या बेसला पहिलं कोण पोचलं ते बघ बरं.’ थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘गाय. पण मामा, ती तर मी नेहमी पहिलीच सोडते, लिझर्डपेक्षा स्वस्त आहे ना.’ लिझर्डपेक्षा स्वस्त आहे हे खरं. पण ज्या स्टेजवर बॉस फटक्यावर येतो, तिथे वेगवान मांजर आधी सोडणं म्हणजे शत्रूचं दार ठोठावणं. काउ कॅटला फळीतून काढायची गरज नाही, पण तिची पाळी शेवटी.

वेळ काढायची म्हणजे काय करायचं

लढत सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं काहीच सोडू नका. पहिले कुत्रे आपल्या बेसजवळ येऊ द्या. जे पैसे साठतील ते वर्कर कॅटवर घाला. ती लढतीच्या आत आठव्या लेव्हलपर्यंत वाढते, आणि दर वाढीला पैसे येण्याचा वेग वाढतोच, शिवाय पाकिटात किती मावतील ती मर्यादाही वाढते. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. पाकीट लहान असेल तर टायटन कॅटचे पैसे त्यात मावणारच नाहीत, मग तुम्ही कितीही थांबा.

कुत्रा अगदी जवळ आला की एक टँक कॅट, तिच्यामागे एखादी अ‍ॅक्स कॅट. एवढंच. जनावर मारल्याचेही पैसे मिळतात, ते पुन्हा वर्कर कॅटवर. आपल्या दाराजवळ लढण्याचा फायदा असा, की सोडलेलं मांजर लगेच लढाईत पोचतं. फळी तुटली तरी दोन सेकंदात सांधता येते. धोका एकच: समोर लांब पल्ल्याचं जनावर असेल तर ते आपल्या मांजरांवरून थेट बेसला मारू शकतं. तेव्हा फळी अगदी उंबऱ्यावर धरायची नाही, चार पावलं पुढे धरायची.

इथे हात आवरणं अवघड असतं. पडद्यावर एकच मरतुकडा साप आहे, खाली पाच मांजरांची चित्रं उजळलेली आहेत, बोट आपोआप तिकडे जातं. जास्त मांजरं सोडली की ती साप मारून थांबत नाहीत, चालतच राहतात, आणि तुमची इच्छा नसताना समोरच्या बेसवर पोचतात. म्हणून सापापुरतंच सोडायचं. ऑटो खेळणारी कॅट सीपीयू इथे बंद ठेवा. ती वाट बघत नाही, जमेल ते सोडत राहते. स्पीड अप चालू असेल तर तेही बंद करा, निदान बॉस मरेपर्यंत.

वर्कर कॅट पाचव्या-सहाव्या लेव्हलला पोचली आणि पाकीट भरलं, की मग तयारीची मांजरं सोडायला लागायचं. आधी लिझर्ड कॅट. तिचा कूलडाऊन, म्हणजे ती परत सोडता येईपर्यंतचा वेळ, संपेपर्यंत अधूनमधून टँक कॅट. मग दुसरी लिझर्ड, मग टायटन. ही सगळी एकामागोमाग चालत जातात आणि समोरच्या बेसपाशी जथ्याने पोचतात. तोवर पाकीट पुन्हा भरत असतं. बॉस येईल तेव्हा धक्क्याने सगळी मागे जातील, पण मागे म्हणजे आपल्याच मागून येणाऱ्या टँकांच्या दिशेने. फळी विस्कटण्याऐवजी दाट होते. हे एकदा प्रत्यक्ष बघितलं की पटतं.

ढालीत खंड पडू देऊ नका

बॉस आल्यानंतर हरण्याचं दुसरं कारण हे. पैसे आहेत, लिझर्ड कॅट मागे उभ्या आहेत, तरी फळी तुटते. अशा वेळी फळीत ढाली, म्हणजे पुढे राहून मार झेलणारी स्वस्त मांजरं, किती आहेत ते मोजा. बहुतेक वेळा एकच टँक कॅट असते.

प्रत्येक मांजर सोडल्यावर ते परत सोडता येईपर्यंत थोडा वेळ जातो. टँक कॅटचा हा वेळ कमी असला तरी शून्य नाही. एकाच जातीची ढाल असेल तर मध्ये सेकंद-दोन सेकंदांची फट पडते, आणि बॉस त्या फटीतून सरळ लिझर्ड कॅटपर्यंत चालत येतो. लिझर्ड आणि ग्रॉस कॅटचा पल्ला लांब आहे म्हणूनच त्या उपयोगी. जनावर त्यांच्या अंगावर आलं की तो पल्ला वाया गेला. दुसऱ्या भागात साधं कॅट ७५ ला पडतं, टँक कॅट १५० ला. दोन्ही फळीत ठेवा आणि आलटून पालटून सोडा. तिसरी स्वस्त ढाल हाताशी असेल तर तीही घ्या. दहा जागांपैकी तीन जागा ढालींना देताना जीव वर-खाली होतो हे मला माहीत आहे, पण त्या तीन जागाच बाकीच्या सातांना जगवतात.

माझे आजोबा भाताची राखण करायचे. दाणा भरला की रात्री रानडुकरं उतरायची. माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवत राहायचं. ते सांगायचे की डबा किती जोरात वाजवतोस याला अर्थ नाही, तो थांबता कामा नये. थोडा वेळ शांतता झाली की बांधापलीकडे थबकलेला कळप पुन्हा आत. टँक कॅटच्या बटणावर बोट ठेवताना मला तो डबा हमखास आठवतो.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. अस्वलासारखं जनावर हळू मारतं, पण एका झपाट्यात पुढचे सगळे आडवे करतं. त्याच्यापुढे पाच टँक एकदम पाठवल्या तर पाचही एकाच फटक्यात जातात. तिथे एकेक, थोड्या अंतराने सोडा. फटका मारण्याआधी ते जरा थांबतं, हात उचलतं. त्या वेळी समोर एकच टँक असेल तर एवढा मोठा फटका १५० च्या मालावर खर्ची पडतो. गोरिलाचं उलट. तो पटापट मारतो, त्याच्यापुढे ढालींची रांग अखंड हवी.

सगळं केलं, तरी बॉसला जखमच होत नाही

फळी टिकतेय, लिझर्ड कॅट मारतायत, आणि दहा मिनिटं झाली तरी बॉस ढिम्म. तेव्हा बॉसच्या पुढ्यात बघा. बहुतेक वेळा तिथे कुत्रे आणि साप सतत येत असतात. लिझर्ड कॅट आणि ग्रॉस कॅट एका वेळी एकालाच मारतात, आणि ते म्हणजे जो सगळ्यात पुढे असेल तो. तुमची महागडी लिझर्ड कॅट तिचा जबरदस्त फटका एका फडतूस सापावर घालतेय. पुढच्या वेळी पुन्हा सापावर. बॉसपर्यंत काही पोचतच नाही.

इथे एकाच फटक्यात अनेकांना लागेल असं मांजर हवं. सुरुवातीच्या नऊमध्ये टायटन कॅट आणि बर्ड कॅट असं मारतात. टायटन महाग, हळू, पण दमदार. बर्ड कॅट तिच्यापेक्षा स्वस्त आणि किरकोळ जनावरांचा केर काढायला पुरेशी. एक लिझर्ड कमी करून दोन बर्ड कॅट सोडल्या की चित्र पालटतं. मांजराच्या माहितीच्या पानावर ते एकाला मारतं की अनेकांना, हे लिहिलेलं असतं. फळी लावताना ते एकदा वाचा.

जनावराचा रंग बघा

लाल जनावरांपुढे, म्हणजे लाल रानडुक्कर किंवा लाल मगरीपुढे, अ‍ॅक्स कॅट ठेवा. लालविरुद्ध ती दीडपट मारते आणि तिला अर्धाच फटका बसतो. रानडुक्कर वेगाने मुसंडी मारत येतं आणि थांबत नाही, तेव्हा ते दिसल्यावर ढाल सोडून उपयोग नाही, आधीच रांग लागलेली हवी.

काळी जनावरं, काळा गोरिला किंवा काळा कांगारू, यांचा हात फार जलद चालतो. त्यांच्यापुढे तीन ढाली आणि मागे लांब पल्ला. यापेक्षा वेगळी युक्ती सुरुवातीच्या मांजरांत तरी नाही.

धातूचा पाणघोडा पहिल्यांदा दिसला की सगळेच गोंधळतात. भाचीनेही विचारलं होतं, ‘टायटन मारतेय तरी काहीच का होत नाही?’ धातूच्या जनावराला कुठल्याही साध्या फटक्याचं एकच अंक नुकसान होतं. टायटन मारो की साधं कॅट, एकच. क्रिटिकल, म्हणजे काही मांजरांचा अधूनमधून नशिबाने लागणारा जबर फटका, लागला तरच मार पूर्ण बसतो. म्हणजे इथे ताकदीला अर्थ नाही, किती वेळा मारलं याला आहे. हीच जागा काउ कॅटची. ती भराभर मारते. क्रिटिकलवालं एखादं मांजर, उदाहरणार्थ रेअर कॅप्सूल या सोडतीतून निघणारी ज्युरासिक कॅट, मिळालेलं असेल तर तिला या स्टेजला नक्की घ्या आणि तिच्यापुढे ढाली अखंड चालू ठेवा.

तोफ

कॅट कॅनन भरली की लगेच डागायची सवय असेल तर मोडा. तिच्या माराने बॉस मरत नसतो. तिचा खरा उपयोग जनावराला मागे ढकलण्याचा. अस्वलाने हात उचलला आणि तेव्हाच तोफ लागली, तर त्याचा फटका वाया जातो आणि ते मागे सरकतं. त्या एका क्षणासाठी तोफ भरून ठेवायची. दोन-तीनदा वेळ चुकेल, मग बोटाला अंदाज येतो.

हे सगळं जमलं आणि तरीही हरताय

मग फळी खरंच कमी पडतेय. पण तरी लगेच नवीन मांजरांच्या मागे लागू नका. आधी खजिना बघा.

एम्पायर ऑफ कॅट्सच्या जवळपास प्रत्येक स्टेजला एक खजिना असतो, तीन दर्जांचा. ठराविक स्टेजच्या खजिन्यांचा मिळून एक संच होतो, आणि संच पुरा झाला की कायमचा फायदा मिळतो: मांजरांचा मार वाढतो, जीव वाढतो, वर्कर कॅटचा वेग वाढतो, पाकीट मोठं होतं, मांजरं लवकर तयार होतात. दर्जा जितका वरचा, तितका फायदा मोठा. खजिन्याच्या पानावर कोणता संच काय देतो ते लिहिलेलं आहे. बहुतेकांचा जीव मार वाढवणाऱ्या संचात असतो. माझं मत उलट आहे. या अडचणीसाठी आधी वर्कर कॅटचा संच, मग पाकिटाचा, आणि मग मार आणि जीव. पैसे लवकर आले की बाकी सगळं लवकर येतं.

जुन्या स्टेज परत खेळायला कंटाळा येतो हे खरं, पण आधी रडवलेली स्टेज आता अर्ध्या मिनिटात संपते, त्यात वेगळंच समाधान आहे. खजिना मिळण्याची शक्यता वाढवणारा ट्रेझर फेस्टिव्हल ठराविक वेळी ठराविक स्टेजवर लागतो. तेव्हाच तिथे जा. ट्रेझर रडार ही वस्तू असेल तर वरचा दर्जा हमखास मिळतो. ते सोप्या स्टेजवर उधळू नका, जी जिंकायला तुम्हाला पाच मिनिटं लागतात तिथे वापरा.

एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवायला लागणारे गुण, कुठे घालायचा यावर भाचीशी माझा बराच वाद झाला. ती प्रत्येक मांजराला थोडं थोडं द्यायची, कोणी नाराज व्हायला नको म्हणून. तिची भावना मला समजते, पण इथे ती महागात पडते. दहाव्या लेव्हलला मांजराचं दुसरं रूप येतं आणि फरक मोठा असतो. दहा मांजरं सातव्या लेव्हलला असण्यापेक्षा पाच मांजरं दहाव्या लेव्हलला असणं कितीतरी बरं. मांजरांखेरीज अपग्रेडच्या पानावर वर्कर कॅटचा वेग, तिचं पाकीट आणि मांजरं लवकर तयार करणारं रिसर्च हे तीनही आहेत. मी आधी तिथे एक्सपी घालतो, मग टँक कॅटवर, मग लिझर्डवर.

कॅट फूड, म्हणजे गेममधलं खास चलन, एनर्जी भरायला खर्च करू नका. हरल्यावर चिडून आपण तेच करतो आणि त्याच चुकीसह पुन्हा हरतो. रेअर कॅप्सूलची एक वेळ १५० कॅट फूडला पडते, अकरांचा जुडगा १५०० ला. ते साठवणं जास्त कामाचं.

भाचीने अस्वलाची स्टेज आठव्या वेळी काढली. फळी तीच, लेव्हल त्याच. बदल दोन: काउ कॅट शेवटी, आणि वर्कर कॅट सहाव्या लेव्हलला पोचेपर्यंत एकही महागडं मांजर नाही. रेकॉर्डिंगमध्ये अस्वल आलं तेव्हा तिच्या तीन लिझर्ड मागे उभ्या होत्या आणि पाकीट जवळपास भरलेलं होतं.

गेल्या रविवारी तिने दुसरा भाग संपवला. तिसऱ्या भागात साधं कॅट १०० ला पडतं, टँक कॅट २०० ला, लिझर्ड २००० ला. तिला एवढंच सांगितलंय: दुसऱ्या भागात जितक्या लेव्हलवर पहिली लिझर्ड सोडायचीस, त्यापेक्षा वर्कर कॅट एक लेव्हल वर जाऊ दे, मगच सोड.